क्लच चिकटला? आधी पाना खाली ठेवा

किक मारली, इंजिन सुरू झालं, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढे उसळी मारून बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा तीच उसळी. तोवर शेजारचे दोघंतिघं जमलेले असतात आणि निदान एकमुखानं होतं : प्लेटा गेल्या.

बहुतेक वेळा प्लेटा गेलेल्या नसतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, नाहीतर त्यांना सोडवणारी वायर आपलं काम करत नसते. गेलेली प्लेट आणि चिकटलेली प्लेट ही अगदी उलट दुखणी आहेत. प्लेट झिजली की क्लच घसरतो. चांदसैलीच्या घाटात इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. प्लेट चिकटली की क्लच सुटतच नाही. लिव्हर दाबा नाहीतर सोडा, इंजिन आणि मागचं चाक एकमेकांना बांधलेलंच राहतं. पहिल्या दुखण्याला नवं सामान लागतं. दुसऱ्याला पुष्कळदा थोडी ऊब, चांगलं तेल आणि एक धक्का पुरतो. गिऱ्हाइकानं येतानाच ‘प्लेटा बदला’ म्हटलं तर घाईतला मिस्तरी बदलून देतो, यात त्याचा दोष नाही. म्हणून काय बिघडलंय ते आधी घरच्या घरी, काहीही न उघडता ठरवावं.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हे दुखणं मोसमी आहे. दिवाळीनंतर सातपुड्यातल्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतेच्या पट्ट्यात जातात आणि गाडी महिनोन्‌महिने पडवीत उभी राहते. होळीला माणसं परततात, काठीची होळी पाहायला जायचं म्हणून गाडी बाहेर काढतात, आणि ती हटून बसते. दुसरा मोसम पावसाळ्याचा. फरशीवरून पाणी वाहत असताना घातलेली गाडी, इंजिनात शिरलेला ओलावा आणि मग रस्त्यावर चिखल म्हणून पंधरा-वीस दिवस न हललेली चाकं. दोन्ही वेळी कारण तेच, गाडी उभी राहणं. चालवून जेवढे क्लच बिघडतात तेवढेच न चालवल्यानं बिघडतात, फक्त पहिल्यांचा बोभाटा होतो.

त्यात गाड्या जुन्या. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी नोंदलेल्या अनेक गाड्यांच्या पाटीवर एमएच-३९ नाही, धुळ्याचं एमएच-१८ असतं. अशी गाडी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी असते. हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या दोन्ही १९८५ मध्ये आल्या. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलंसुद्धा. तरी शहादा-प्रकाशा रस्त्यावर त्या अजून दूध आणि भाजी वाहताना दिसतात.

आत काय असतं

या बहुतेक गाड्यांचा क्लच तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा असतो. एक प्लेट घर्षणाच्या अस्तराची, तिच्यावर एक सपाट पोलादी, पुन्हा अस्तराची, अशी चळत. अस्तराच्या प्लेटांचे दाते बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांत बसतात आणि हाउसिंग इंजिनाबरोबर फिरतं. पोलादी प्लेटांचे दाते आतल्या हबवर बसतात आणि हब गिअरबॉक्सला जोडलेला असतो. चार, काही गाड्यांत पाच-सहा, स्प्रिंगा ही चळत घट्ट दाबून धरतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा वायर इंजिनावरचा एक छोटा आर्म ओढते, आर्म आतला दांडा ढकलतो, दांडा स्प्रिंगांचा दाब उचलतो. एवढंच. प्लेटांना अलग करणारं दुसरं कोणतंही यंत्र तिथे नाही. दाब उचलला की फिरण्याच्या ओघात त्या आपोआप सुट्या होतील, असा भरवसा आहे.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हा भरवसा मोडतो. स्प्रिंगांच्या दाबानं प्लेटांमधलं तेल पिळून निघतं, उरलेलं जुनं तेल चिकट होतं, दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की जशा उचलताना सुटत नाहीत तशी ती चळत एकजीव होते. तेलात पाणी असेल तर पोलादी प्लेटांवर गंजाची साय चढते आणि ती अस्तराला धरून ठेवते. दाब उचलूनही चळत एकसंध फिरत राहते.

कुठे अडलंय ते शोधा

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये. गाडी ढकलून पाहा. न्यूट्रलमध्येही ती हलत नसेल तर क्लचला दोष देऊ नका. मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर गंजून धरलेत किंवा चेन अडकली आहे. पावसाळ्यानंतर हे फार होतं आणि माणसं नाहक क्लच उघडतात. न्यूट्रलमध्ये गाडी सहज सरकते, पण दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबूनही सरकत नाही किंवा सरकवताना इंजिन फिरल्याचा फुसफुसाट ऐकू येतो, तर मात्र क्लच सुटत नाहीये हे नक्की.

आता दुसरी तपासणी : हाताकडून इंजिनाकडे जा. उलट दिशेनं नको. लोकांचे पैसे आणि वेळ वाया जातात ते उलट दिशेनं गेल्यामुळेच.

लिव्हर जड लागतो, अर्ध्यावर अडतो किंवा सोडल्यावर परत येत नाही? मग दुखणं बाहेरच आहे : लिव्हरचा बोल्ट किंवा वायर. लिव्हर हलका, नेहमीसारखा चालतो? मग खाली वाका आणि दुसऱ्या कुणाला लिव्हर दाबायला सांगून इंजिनावरचा आर्म बघा. वर लिव्हर पूर्ण दाबला जातोय आणि खाली आर्म जेमतेम हलतोय, तर वायर ताणली गेली आहे, तिच्या आतल्या तारा तुटत आल्या आहेत, किंवा ढील फार झाली आहे. आर्म पुरेसा हलतोय आणि तरी क्लच सुटत नाही, तेव्हाच संशय आतल्या प्लेटांवर घ्यायचा.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत आवडते, कारण तिला काहीच लागत नाही आणि ती फारशी कुणी करत नाही. तुमच्या गाडीला किक फक्त न्यूट्रलमध्येच लागते का, ते आठवा. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटसारख्या अशा गाड्यांत किकेचा जोर गिअरबॉक्समधून, म्हणजे क्लचमधूनच इंजिनापर्यंत जातो. न्यूट्रलमध्ये, चावी बंद ठेवून, क्लच दाबून धरा आणि किक हातानं किंवा पायानं हळू खाली न्या. किक रिकामी, विनाविरोध खाली गेली तर प्लेटा सुटताहेत. इंजिनाचं कॉम्प्रेशन पायाला जाणवलं तर त्या चिकटलेल्या आहेत. हीच तपासणी उपायही आहे : क्लच दाबून आठ-दहा वेळा किक दिली की हलक्या चिकटलेल्या प्लेटा सुटतात. जुने बुलेटवाले रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन रिकाम्या किका मारतात त्या याचसाठी. मात्र ज्या गाड्या गिअरमध्ये असताना क्लच दाबून किकनं सुरू होतात, त्यांत किकेचा जोर क्लचच्या बाहेरच्या हाउसिंगवरून थेट इंजिनाला जातो. तिथे ही तपासणी काही सांगत नाही. आरएक्स १०० त्यातली.

वायर आणि ढील

वायर अडत असेल तर आधी लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर सोडवा. कधीतरी गाडी पडलेली असते, लिव्हर किंचित वाकलेला असतो आणि बोल्ट फार आवळलेला असतो. तेवढ्यानंच तो अडतो. भोकातली धूळ आणि वाळलेलं ग्रीस पुसून नवं थोडं ग्रीस लावा. मग वायरीच्या टोकाची शिशाची गोळी बघा. तिच्याजवळची एखादी तार तुटून वर आलेली दिसली तर वायर बदला. तेल घालून ती जुळत नाही, आणि ती तुटेल ती तोरणमाळच्या चढावर, बाजारात नव्हे.

तारा शाबूत असतील तर वायर वरच्या टोकाकडून उभी टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्याचं नरसाळं वायरीच्या कव्हरला दोऱ्यानं घट्ट बांधा, त्यात थोडं इंजिन ऑइल ओता आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खालच्या टोकातून आधी काळा, गंजाळ थेंब येतो आणि मग स्वच्छ तेल. वायरीत ग्रीस भरू नका, ते धूळ धरून ठेवतं. नुसतं रॉकेलही नको. ते गंज सोडवतं, पण वंगण मागे ठेवत नाही. वायर परत बसवताना जुन्या वाटेनंच न्या. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. वळवताना क्लच आपोआप ओढला जात असेल तर वायर कुठेतरी चुकीची अडकली आहे.

ढील म्हणजे लिव्हर दाबू लागल्यावर वायर ताणली जाईपर्यंतची रिकामी चाल. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांना ती लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी सांगितलेली असते. यामाहाच्या जुन्या गाड्यांत ती लिव्हरच्या मुळाशी मोजतात आणि २-३ मिमी भरते. ढील जास्त झाली की दाब पूर्ण उचलला जात नाही आणि क्लच अर्धवट धरून राहतो. ढील मुळीच ठेवली नाही तर दाब कायम थोडा उचललेलाच राहतो, क्लच घसरतो आणि पहिल्याच घाटात प्लेटा जळतात. क्लच सुटत नाही म्हणून वायर आवळत नेणं आणि आवळूनही सुटत नाही म्हणून आणखी आवळणं, हा या दुखण्यातला सर्वांत महागडा घरगुती इलाज आहे. चिकटलेल्या प्लेटांवर त्याचा काही परिणाम होत नाही. त्या सुटल्या की मग तीच आवळलेली वायर त्यांना जाळते.

ढील लावायच्या जागा दोन : वर लिव्हरपाशी आणि खाली इंजिनापाशी. काही गाड्यांत, आरएक्समध्ये आणि बुलेटमध्येही, आतल्या दांड्याला तिसरा स्क्रू असतो. क्रम आतून बाहेर ठेवावा. वरचा अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा, आतला स्क्रू असेल तर तो लावा, मग खालचा नट, आणि शेवटी वरून बारीक फरक करा. वरच्या अ‍ॅडजस्टरचे आटे जवळजवळ सगळे बाहेर आले असतील तर वायर संपली असं समजा.

चिकटलेल्या प्लेटा न उघडता सोडवणं

वायर ठीक, ढील ठीक, आर्म हलतोय, तरी क्लच सुटत नाही. आता हलक्या उपायाकडून कडक उपायाकडे जायचं.

आधी तेलाची पट्टी काढून तेल बघा. ते दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर आत पाणी आहे. अशा तेलावर इंजिन चालवू नका. आधी ते काढून नवं भरा. तेल ठीक असेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून ते चांगलं गरम होऊ द्या, दहा मिनिटं तरी. हे अंगणात करायचं, पडवी बंद करून किंवा घरात नाही; धूर जीव घेतो. गरम तेल पातळ होतं आणि फटीत शिरतं. डाब आणि तोरणमाळच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गारठा इतका असतो की चांगला क्लचही पहिली पाच मिनिटं धरून राहतो. त्याला आजार समजायचं कारण नाही.

इंजिन गरम झाल्यावर बंद करा. सगळ्यांत वरचा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी जोरात मागेपुढे हेलकावा. वरचा गिअर यासाठी की त्यात चाकाचा जोर क्लचपर्यंत जास्त पोचतो. पहिल्या गिअरमध्ये तुम्ही नुसतेच घामाघूम व्हाल. दहा-पंधरा हेलकाव्यांत एकदम गाडी हलकी होऊन सरकली तर काम झालं. नाही झालं तर लिव्हर हँडलच्या मुठीला दाबून, जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीनं घट्ट बांधा आणि रात्रभर तसाच ठेवा. दाब उचललेला राहिला की तेलाला आत झिरपायला वाट मिळते. सकाळी पुन्हा इंजिन गरम करून हेलकावे द्या. घाई नसेल तर एवढ्यावरच मोठ्या संख्येनं क्लच सुटतात, आणि म्हणून मी पुढचे उपाय दुसऱ्या दिवसावर ढकलतो.

तिसरा उपाय डबल स्टँडवरचा. स्टँडची स्प्रिंग आणि पाय मजबूत आहेत ना ते पाहा, पुढचं चाक भिंतीला टेकवा, मागचं चाक अधांतरी आहे याची खात्री करा. पोरंबाळं लांब; लुगड्याचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा चेनजवळ येता कामा नये. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, पहिला गिअर टाका (खट्‌ आवाज होईल आणि चाक फिरू लागेल), मग दुसरा, तिसरा. क्लच पूर्ण दाबून धरा, रेस किंचित वाढवा आणि मागचा ब्रेक ठामपणे दाबा. चाक थांबलं आणि इंजिन चालूच राहिलं तर प्लेटा सुटल्या. इंजिन बंद पडलं तर आणखी तीन-चारदा. त्यापुढे नाही, त्या धक्क्यांचा मार गिअरच्या दात्यांवर आणि चेनवर बसतो.

चौथा उपाय फक्त हात बसलेल्या माणसासाठी आणि मोकळ्या, सपाट मैदानासाठी. हेल्मेट घाला, मागे कुणाला बसवू नका. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून कुणाला तरी धक्का द्यायला लावा, गाडी धावत्या माणसाच्या वेगाला आली की रेस बंद करून दुसरा गिअर टाका. आता क्लच दाबून धरूनच चालवा आणि रेस एकदम उघडा, एकदम मिटा, मधूनच मागचा ब्रेक हलका लावा. प्लेटा सुटतात तेव्हा इंजिनाचा आवाज एकाएकी चढतो आणि गाडी नुसती घरंगळत राहते. सुटेपर्यंत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : क्लच दाबून ही गाडी थांबत नाही. थांबायचं असेल तर रेस बंद, ब्रेक आणि चावी. सारंगखेड्याच्या यात्रेच्या गर्दीत किंवा नंदुरबारच्या मिरचीच्या गाड्यांनी भरलेल्या बाजाराच्या रस्त्यावर हा प्रयोग कुणी करू नये, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

प्लेटा सुटल्या की लगेच गाडी बंद करू नका. पाच-सहा किलोमीटर चालवा, वाटेत क्लच वारंवार दाबा-सोडा, आणि घरी येऊन गरम असतानाच तेल बदला. काही जण फिलरमधून तेलात रॉकेल किंवा डिझेल ओतून ‘धुऊन’ घेतात. ते करू नये. बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत त्याच तेलावर इंजिनाचं बेअरिंग आणि सिलेंडर चालतं, नुसता क्लच नव्हे.

उघडावंच लागलं तर

दोन दिवसांत सुटला नाही, किंवा सुटून पुन्हा पुन्हा धरू लागला, तर उघडायला हवं. सवय नसेल तर मिस्तरीकडे द्या, पण जवळ बसून बघा. आणि ‘प्लेटा बदला’ असं न म्हणता ‘उघडून दाखवा’ असं म्हणा.

स्वतः करणार असाल तर तेल आधी काढून घ्या. गाडी डाव्या अंगावर आडवी करून तेल न काढता कव्हर उघडायची युक्ती काही जण वापरतात. टाकीतून पेट्रोल आणि बॅटरीतून आम्ल सांडतं, मला ती पसंत नाही. बहुतेक गाड्यांत क्लच उजव्या बाजूला असतो. जुन्या बुलेटचा आणि येझदीचा डाव्या. किक आणि फूटरेस्ट काढून कव्हरचे बोल्ट सोडा. हे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, ज्या जागचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर केस फुटते. फुलीचे स्क्रू असतील तर आधी हातोडीनं ठोकून फिरणारा स्क्रूड्रायव्हर मागून आणा, नाहीतर स्क्रूची फुली गोल होऊन बसेल.

स्प्रिंगांचे बोल्ट एकदम एकेक पूर्ण काढू नका. समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनं सैल करा. होंडाच्या धाटणीच्या अनेक लहान इंजिनांत स्प्रिंगा काढल्या तरी प्लेटा बाहेर येत नाहीत. मधला खाचांचा नट सोडावा लागतो आणि त्याला चार दात्यांचा खास पाना लागतो. इथे छिन्नी-हातोडी चालवू नका. तो पाना मिस्तरीकडे असतो, तेवढ्यापुरतं जाण्यात कमीपणा नाही. अशा इंजिनांत पुष्कळदा शेजारीच फिरत्या तेल-फिल्टरची वाटी असते. कव्हर उघडलंच आहे तर तिच्यातला काळा गाळ पुसून घ्या.

प्लेटा काढताना त्यांचा क्रम आणि तोंड लक्षात ठेवा. मोबाईलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढलेला बरा. चिकटलेल्या प्लेटा स्क्रूड्रायव्हर खुपसून नव्हे, पातळ सुरीनं कडेकडेनं सोडवा. पोलादी प्लेटांवर नुसता गंज असेल तर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून, तेल लावून, गोल गोल घासा. त्याच काचेवर त्या सपाट बसतात का पाहा. अनेक लहान गाड्यांत वाकाची मर्यादा ०.२ मिमीच्या आसपास असते, म्हणजे फटीत पोस्टकार्ड शिरता कामा नये. निळी पडलेली प्लेट म्हणजे कुणीतरी घाटात अर्धा क्लच धरून गाडी चढवली आहे. ती वाकलेलीच असणार, बदलून टाका. अस्तराच्या प्लेटा गुळगुळीत, काळ्या, चकाकत असतील किंवा जाडी माहितीपत्रकातल्या मर्यादेखाली गेली असेल तर पूर्ण संच घ्या.

एवढं करून बरेच जण थांबतात आणि महिन्याभरात क्लच पुन्हा धरतो. कारण हाउसिंगकडे कुणी बघत नाही. अस्तराच्या प्लेटांचे दाते हाउसिंगच्या बोटांवर आपटून आपटून तिथे खाचा पाडतात. वीस-तीस वर्षांच्या गाडीत त्या नखाला सहज लागतात. दाब उचलला तरी प्लेटा त्या खाचांत अडकून राहतात, आणि नव्या प्लेटा घातल्या तरी त्याच खाचांत जाऊन बसतात. खाचा उथळ असतील तर बारीक कानशीनं बोटं सरळ करता येतात. खोल असतील तर हाउसिंग बदलणं भाग आहे.

नव्या प्लेटा कोरड्या बसवू नका. त्याच इंजिन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. बसवताना स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, आळीपाळीनं आणि मनगटाच्याच जोरानं आवळा. ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांत ते जातात ते पटकन फुटतात. कव्हरचं पॅकिंग नवं घाला.

तेलाबद्दल. मोटारीच्या अनेक नव्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती मोटारीला चांगली, पण तेलातल्या क्लचला घसरवतात. जपानच्या जासो मानकानं १९९८ मध्ये मोटारसायकलच्या तेलासाठी वेगळी वर्गवारी आणली. डब्यावर जासोच्या नावापुढे ‘एमए’ लिहिलेलं असेल तर ते तेल अशा क्लचसाठी आहे. ‘एमबी’ असेल तर नाही. जाडी कंपनीनं सांगितलेलीच घ्या. जुनी गाडी म्हणून जाड तेल, हा हिशेब क्लचला मानवत नाही. आरएक्स, राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर जळणारं तेल वेगळं आणि गिअर-क्लचचं तेल वेगळं. पहिलं आपण भरत राहतो आणि दुसरं वर्षानुवर्षं विसरतो. टू-स्ट्रोकचा क्लच चिकटला की पहिला प्रश्न हाच विचारावा : गिअरचं तेल शेवटचं कधी बदललं?

घाटात वायर तुटली तर

उताराचा रस्ता असेल आणि एकटे असाल तरच चालवत आणा. इंजिन बंद, पहिला गिअर, गाडी ढकलत दोन पावलं धावा, इंजिन धरलं की बसा. वरचे गिअर रेस क्षणभर मिटून, पायानं हलकेच टाकता येतात. थांबण्याआधी गाडी रांगत असतानाच न्यूट्रल शोधा. मागे माणूस किंवा पाठीवर गोणी असेल तर हे करू नका. गाडी बाजूला लावा आणि दुसऱ्या गाडीची वाट बघा. एक सुटी वायर टाकीखालच्या जुन्या वायरीलाच बांधून ठेवण्याची रीत चांगली आहे, धडगाव-मोलगीकडे रोज जाणाऱ्यानं तर ती ठेवावीच.

गाडी ठेवून जायचं असेल तर

जाण्याच्या आदल्या दिवशी नवं तेल भरा, जुनं तेल तसंच ठेवून जाऊ नका. आम्ल आणि ओलावा त्यातच असतो. मग गाडी चांगली पंधरा मिनिटं चालवून आणा, म्हणजे नवं तेल सगळीकडे पोचेल. पेट्रोलचा कॉक बंद, डबल स्टँडवर, सायलेन्सरच्या तोंडाला फडकं. घरी आई-वडील किंवा भाऊ मागे राहणार असेल तर आठवड्यातून एकदा क्लच वीस-पंचवीस वेळा दाबून सोडायला सांगा, आणि किक न्यूट्रलमध्येच लागणारी गाडी असेल तर क्लच दाबून चार किका. दर आठवड्याला दोन मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्यापेक्षा हे बरं. थंड इंजिन दोन मिनिटं चालवलं की आत दव धरतं, आणि तेच पाणी तेलात जाऊन प्लेटांवर बसतं. सुरू करायचीच तर महिन्यातून एकदा, पण पुरती गरम होईपर्यंत चालवून. चार-पाच महिन्यांसाठी लिव्हर बांधून ठेवावा असंही काही मिस्तरी सांगतात. प्लेटांना ते चालतं, वायर मात्र तेवढा काळ ताणावर राहते, म्हणून नवी वायर असेल तरच बांधा. तेल बदलल्याची तारीख साइड कव्हरच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं लिहून ठेवा.